दसऱ्यानंतरचे दिवस

जागतिक मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला असतो. त्या दिवशी बहुतेक महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा होते, एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं, फोटो निघतात आणि अहवाल वर जातो. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयातही वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. विद्यार्थ्यांचा मित्रगट उभा करण्यासाठी एका स्वयंसेवी संस्थेच्या ताई तिथे गेल्या, तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत मुलांना विचारलं, की तुमच्याकडे वर्षातले सगळ्यात जड दिवस कोणते? ताईंच्या मनात परीक्षा होती, निकाल होता. मुलं म्हणाली, दसऱ्यानंतरचे.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आई आणि वडील एकाच दिवशी घरातून जातात. मागे उरतात आजी-आजोबा आणि शिकणारी पोरं. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात. अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या मुलांना कुणी विचारत नाही, कारण ती मोठी धरली जातात. सतरा वर्षांची मुलगी आजीचं, धाकट्या भावाचं आणि शेळ्यांचं आवरून सकाळच्या एसटीने कॉलेज गाठते. याच काळात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, कारण वयात आलेली पोर मागे ठेवून जायला आई-बापाचा जीव धजत नाही. हजेरीपटावर या सगळ्याची नोंद 'गैरहजर' एवढीच होते.

ताईंनी समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं होतं, गावोगाव फिरून झालेलं होतं. तरीही तारखांनिशी मांडलेलं हे वेळापत्रक त्यांना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांकडून मिळालं. तरुणांना भावनिक स्वास्थ्याच्या कामात घ्यायचं ते कशासाठी, याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. सरकारी आणि संस्थांच्या कागदांत कारण बहुधा वेगळं दिलेलं असतं: डॉक्टर कमी आहेत, पैसे कमी आहेत, म्हणून मुलांना शिकवा. डॉक्टर कमी आहेत हे खरंच आहे. भारतात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. पण त्यांची रिकामी जागा भरायला फुकटचे हात म्हणून मुलांना उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि ज्यांना मदत हवी त्यांच्यावरही. मुलांना घ्यायचं ते त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतात म्हणून.

प्रश्न केवढा आहे, हे आकड्यांतून थोडंफार दिसतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये काही ना काही मानसिक आजार आढळला होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या आकड्यांत न बसणारी मुलं कितीतरी जास्त आहेत. त्यांना आजार नाही, पण झोप नाही. वर्गात बसतात, पण कानावर काही पडत नाही. मित्रगटाचं बरंचसं काम या मुलांमध्ये असतं.

गटात कुणाला घ्यायचं, यावर पहिला वाद झाला. प्राध्यापकांनी यादी दिली ती हुशार, चुणचुणीत, सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांची. ताईंनी वर्गावर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न विचारला: काही सलत असेल तर या कॉलेजातल्या कुणाशी बोलाल? चिठ्ठ्यांतून आलेली नावं आणि प्राध्यापकांची यादी यांत फारसा मेळ नव्हता. एका मुलाचं नाव अनेक चिठ्ठ्यांवर होतं. तो वडिलांच्या सायकल दुकानात बसायचा, दोन विषय राहिले होते, भाषण तर त्याने जन्मात केलं नव्हतं. पंक्चर निघेपर्यंत पोरं त्याच्याशी बोलत बसत. एक मुलगी मुलींच्या वसतिगृहातली, कुणाचं दुखलं-खुपलं की रात्री तिच्या खोलीचं दार वाजायचं. ही माणसं हे काम आधीपासूनच करत होती. त्यांना कुणी तसं म्हटलेलं नव्हतं, एवढंच.

अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये १९९८ साली 'सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ' नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यातही मित्र-नेते निवडताना सगळ्या प्रकारच्या कंपूंतली मुलं घेतात, नुसती गुणी मुलं नव्हेत. त्या उपक्रमाचा १८ शाळांतला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शाळांमध्ये प्रशिक्षित मित्र-नेत्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्या मित्राला मोठ्या माणसापर्यंत नेण्याचं प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या चौपट होतं. आणि ज्यांना प्रशिक्षण मिळालं त्या मुलांचं स्वतःचं मोठ्या माणसांशी असलेलं नातंही सुधारलं. मित्राला मोठ्या माणसापर्यंत नेणं, हा यातला मोलाचा भाग आहे. मुलांनी मुलांना सांभाळावं आणि मोठ्यांनी लांबून कौतुक करावं, असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

बीडच्या गटाच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ गेला तो काय करायचं नाही हे शिकण्यात. मुलांच्या बोलण्यात दुसऱ्याला धीर देण्याचं ठरलेलं वाक्य होतं, "लोड घेऊ नको." प्रेमाने म्हटलेलं वाक्य, पण समोरच्याचं बोलणं तिथेच बंद पडतं. त्याच्या पाठोपाठ येतात "माझ्याकडे बघ, माझं तर याच्यापेक्षा वाईट झालं होतं" आणि "तिला विसर, दुसरी भेटेल". ताईंनी मुलांच्या जोड्या केल्या. एकाने स्वतःची खरी, पण छोटी अडचण सांगायची आणि दुसऱ्याने पाच मिनिटं सल्ला न देता ऐकायचं. पाच मिनिटं कुणालाच निभावेनात. सल्ला गिळताना मुलांच्या चेहऱ्यावर अक्षरशः कळ दिसायची. एकाने विचारलं, "ताई, मग आपण त्याच्यासाठी केलं काय?" या प्रश्नावर त्या दिवशी बराच वेळ बोलणं झालं. उत्तर मुलांमधूनच आलं. जो बोलणारा होता तो म्हणाला, की वडिलांच्या दारूबद्दल मी आजवर कुणापुढेच सलग बोललो नव्हतो, आज पहिल्यांदा बोललो.

संकटात सापडलेल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा, याची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांचा आहे: बघा, ऐका, जोडा. मुलांना पहिली दोन लवकर जमतात. तिसऱ्याशी त्यांची खरी झटापट असते, कारण जोडायचं म्हणजे मित्राची गोष्ट तिसऱ्या माणसापर्यंत न्यायची आणि या वयात गुपित फोडण्याइतकं मोठं पाप दुसरं नसतं. म्हणून ताईंनी सुरुवातीलाच सांगायचं वाक्य ठरवून दिलं. कुणी बोलायला बसला की मित्राने आधी सांगायचं: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी एकटा ते धरून ठेवणार नाही. हे वाक्य आधी उच्चारलं, तर नंतर विश्वासघात होत नाही.

आत्महत्येचा विचार मनात येतोय का, हे सरळ विचारायचं असतं, हे ऐकून गट हादरला होता. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती घरोघरी आहे, शिक्षकांतही आहे. अभ्यास तसं सांगत नाहीत. विचारल्याने माणसाला बहुधा सुटल्यासारखं वाटतं. दुसरी भीती पोलिसांची. असं काही कळलं तर केस होईल, म्हणून कुटुंबं दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि तिला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड विधानातलं ३०९ कलम उरलेलंच नाही. ही दोन वाक्यं मुलांनी तोंडपाठ केली आणि आपापल्या घरी, वस्तीवर, तांड्यावर नेली. व्याख्यानांनी ती तिथवर पोहोचली नसती.

कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं गटात घेताना आणखी काळजी घ्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मोठ्या माणसाला ते कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दलची शिक्षा लहान मुलाला लागू होत नाही, पण ऐकलेल्या गोष्टीचं ओझं त्याच्यावर पडतंच. म्हणून अकरावी-बारावीतल्या मित्रांसाठी नियम साधा ठेवला गेला: असं काही कानावर आलं, तर तपशील विचारत बसायचं नाही, त्याच दिवशी ताईंकडे यायचं.

शिक्षकांनीच हे काम का करू नये, असा प्रश्न हमखास येतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'द लॅन्सेट'मध्ये आले. 'संगथ' या १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या संस्थेचं ते काम. ७४ सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या. काही शाळांत शिक्षकी पेशाबाहेरचा, प्रशिक्षण दिलेला एक साधा माणूस नेमला, त्याचं नाव सेहेर मित्र. काही शाळांत तेच सगळे उपक्रम प्रशिक्षित शिक्षकाकडे दिले: भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, एकेकट्याशी बोलणं. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम असलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. शिक्षक वाईट होते असा निष्कर्ष यातून काढणं अन्यायाचं होईल. त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम असतो आणि हातात गुण असतात. गुण देणाऱ्यापुढे मनातलं सांगायला कुठलंही मूल बिचकणारच. गोव्यातच 'संगथ'ने त्याआधी 'युवा मित्र' हा प्रयोग केला होता. त्यात गावा-शहरांतल्या तरुणांनी तरुणांसाठी गटचर्चा आणि पथनाट्यं केली होती.

पेटीची कल्पना बीडच्या गटानेही उचलली. पहिली पेटी कार्यालयाच्या बाहेर लावली गेली, कारण तिथे शिपाई लक्ष ठेवू शकत होता. आठवडे गेले, पेटी रिकामी. मुलींनी कारण सांगितलं: तिथे चिठ्ठी टाकताना सगळं कॉलेज बघतं. त्यांनी पेटी मुलींच्या खोलीत, आरशाशेजारी हलवली. मुलांनी आपली पेटी सायकल स्टँडच्या मागच्या भिंतीवर लावली. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. पहिल्या चिठ्ठ्यांमध्ये मनाबद्दल काहीच नव्हतं. स्वच्छतागृहाला कडी नाही. संध्याकाळची बस सुटली की फाट्यापर्यंत चालत जावं लागतं, तिथे पोरं छेड काढतात. मेसचे पैसे संपलेत. ताईंच्या संस्थेतल्या वरिष्ठांना यात काही हाती लागलंय असं वाटेना. ताईंना मात्र हेच हवं होतं. कडी नसलेल्या दारामागे दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुलीला ताणतणावाचं व्यवस्थापन शिकवायला जाणं निर्दयपणाचं आहे. गटाने आधी कडी बसवून घेतली. प्राचार्यांकडे दोनदा जावं लागलं. कडी बसल्यावर पेटीतली अक्षरं बदलली, चिठ्ठ्या लांब झाल्या.

एक चिठ्ठी लग्नाबद्दल होती. नाव नव्हतं, पण वसतिगृहातल्या मैत्रिणींनी अक्षर ओळखलं आणि तसं उघड न करता त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसल्या. ती सतरा वर्षांची होती. आई-वडील निघायच्या आधी, म्हणजे दहा-बारा दिवसांत, लग्न उरकायचं ठरत होतं. तिचं म्हणणं होतं की पोलीस नकोत, बापाची बेइज्जती नको. मैत्रिणींनी तिला ताईंपर्यंत आणलं. ताई घरी गेल्या, सोबत गावातल्या अंगणवाडी ताई होत्या. वडिलांचं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि कायदाही समोर ठेवला. वडिलांना भीती होती ती पोरीच्या सुरक्षिततेची. हंगामभर वसतिगृहात तिची सोय होईल, असं ठरल्यावर लग्न थांबलं. प्रत्येक वेळी असं होत नाही. एका मुलीच्या बाबतीत गटाला कळलं तेव्हा ती सासरी पोहोचली होती. त्यानंतर कितीतरी दिवस गटातल्या मुली बैठकीत नीट बोलत नव्हत्या.

मित्राचं मन कोण सांभाळणार, हा प्रश्न कागदावरच्या योजनांमध्ये बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य हा एक होता आणि गावपातळीवर 'साथिया' म्हणजे समवयस्क मित्र ही त्याची मुख्य कल्पना होती. कल्पना उत्तम आहे. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतून किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिकंही उघडली गेली. पण साथियाला प्रशिक्षण देऊन गावात सोडलं आणि पुढे महिनोन्महिने कुणी भेटलंच नाही, तर त्याने ऐकलेलं सगळं त्याच्याच पोटात राहतं.

सायकल दुकानातल्या मुलाचं तेच होऊ लागलं होतं. त्याचा एक मित्र रोज रात्री बाराच्या पुढे फोन करायचा आणि फोन ठेवला तर मी काही बरंवाईट करीन, असं म्हणायचा. हा मुलगा पहाटेपर्यंत फोन कानाला लावून बसे आणि सकाळी दुकान उघडे. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आपण मित्र आहोत, निभावलं पाहिजे, असं त्याला वाटत होतं. आठवड्याच्या बैठकीत तो बसल्या बसल्या झोपला, तेव्हा मुलींनीच त्याला बोलतं केलं. त्याच दुपारी ताई आणि तो, दोघं मिळून त्या मित्राच्या घरी गेले, त्याच्या मोठ्या भावाला विश्वासात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेलं. तो मित्र उपचारांवर आहे. त्यानंतर गटाने स्वतःसाठी नियम लिहिले. जिवाच्या धोक्याचा फोन कुणी एकट्याने घ्यायचा नाही. मित्राला एकटं सोडायचं नाही, पण त्याच वेळी दुसऱ्याने मोठ्या माणसाला उठवायचं, रात्री दोन वाजले असले तरी. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक साठवायचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ज्या मित्राला स्वतःलाच जड जात असेल त्याने महिनाभर रजा घ्यायची आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही.

हा शेवटचा नियम मुलांनी घातला. एखाद्या संस्थेच्या माणसाला तो सुचला नसता, असं ताई आवर्जून सांगतात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, ही त्यातली एक. तालुक्याच्या गावी असा माणूस मिळणं सोपं नाही. पण तो आलाच, तर त्याच्या खोलीच्या दारापर्यंत मुलं आपण होऊन जातील, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. कुणीतरी सोबत चालत जावं लागतं. मुलग्यांच्या बाबतीत तर फारच. पेटीत मुलांच्या चिठ्ठ्या येतात, पण समोर बसून बोलणारे अजून थोडेच आहेत. गटातल्या मुलांनी त्यासाठी व्हॉलीबॉलची वेळ धरली आहे. खेळ संपल्यावर घाम पुसत, एकमेकांकडे न बघता बसलं, की थोडं बोलणं निघतं.

मागच्या वर्षी गटाने एक मागणी केली. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेत मोजलं जावं. योजनेचं प्रमाणपत्र मिळायला दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात; झाडं लावली, रस्ता झाडला, रक्तदान शिबिरात उभं राहिलं की तास लागतात, मग ऐकण्याचे का लागू नयेत? कार्यक्रम अधिकाऱ्यांना ते पटलं. प्रशिक्षण, आठवड्याच्या बैठका, वस्तीवरचे कार्यक्रम हे सगळे तास धरायचं ठरलं. मित्राशी बोलण्यात गेलेल्या तासांसाठी त्यांनी वेगळी वही आणली. तारीख, वेळ, ठिकाण आणि कुणाशी बोललात, असे चार रकाने तिच्यात होते. मुलांनी आपसांत चर्चा केली आणि वही परत दिली. लहान कॉलेजात तारीख आणि जागा लिहिली, की माणूस ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तास त्यांनी सोडून दिले. बाकीचे कमी पडत होते, ते त्यांनी वृक्षारोपणात भरून काढले.